पगारातले दोनशे रुपये

आज आपण नेहमीच्या खोलीत नाही. दिल्लीत, करोल बागेत, एका गलाईच्या दुकानाच्या माडीवर बसून बोलतोय. खाली भट्टी चालू आहे, त्यामुळे मधून मधून आवाज येईल, सांभाळून घ्या. जे हे पुस्तकात वाचतायत त्यांना आवाज येणार नाही, पण ॲसिडचा तो घशात बसणारा वास मात्र त्यांनी जरूर मनात आणावा. त्याच्याकडे शेवटी परत यायचंय.

करोल बाग म्हटलं की बहुतेकांना अजमल खान रोडची खरेदी आठवते. नवी दिल्ली बांधायला काढली तेव्हा माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार अशा वस्त्यांमधली माणसं उठवून इकडे बसवली गेली. पुढे फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी इथला बाजार उभा केला. हे सगळं आपण ऐकलेलं असतं. पण रेगरपुरा आणि बीडनपुऱ्याच्या गल्ल्यांत शिरलात की कानावर अस्सल माणदेशी मराठी पडते. सोन्या-चांदीची आटणी करणारी, टंच काढून देणारी ही माणसं बहुतेक सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ या भागातली. काही पलीकडच्या माण-खटावची. केरळपासून काश्मीरपर्यंत सराफ बाजार जिथे आहे तिथे गलाईवाला आहे, आणि गलाईवाला आहे तिथे विटा-आटपाडीकडचं एखादं आडनाव आहेच.

ज्यांच्या माडीवर बसलोय त्या आबांनी चहा देता देता मला एक प्रश्न विचारला. आजचा सगळा भाग त्या प्रश्नावर आहे.

आबा म्हणाले, "आमचं थोरलं पुण्यात कंपनीत हाय. त्याच्या पगारातनं दर म्हयन्याला दोनशे रुपये कापत्यात. आणि फेब्रुवारीत तीनशे. माझा भाचा हितं दिल्लीत नोकरीला हाय, त्याचं काय कापत न्हाईत. मग ते दोनशे कशाचं ओ?"

तो व्यवसाय कर, प्रोफेशनल टॅक्स. अकरा महिने २०० आणि एक महिना ३००, वर्षाचे २५००. राज्यघटनेच्या २७६व्या कलमात या कराला कमाल मर्यादा घातलेली आहे. आधी ती वर्षाला २५० रुपये होती, १९८८च्या साठाव्या घटनादुरुस्तीनं २५०० झाली आणि आजही तेवढीच आहे. तीनशेच्या फेब्रुवारीचं कोडं एवढंच आहे. दिल्ली सरकार हा कर लावत नाही, म्हणून भाचा सुटला.

पण महाराष्ट्रानं हा कर १९७५मध्ये लावला तो कशासाठी, हे पुण्या-मुंबईत पगार घेणाऱ्या शंभरातल्या पाच जणांनाही ठाऊक नसेल. तो लावला आबांच्या गावासाठी. म्हणजे तसल्या गावांसाठी.

१९७२ला आबा दहा-बारा वर्षांचे होते. खडी फोडायला आई जायची, हे पाणी द्यायला. सुकडीची चव अजून आठवते म्हणाले, आणि मिलोची लाल भाकरी. त्या दुष्काळाबद्दल आपल्याकडे इतकं बोललं गेलंय की मी लांबण लावत नाही. एकच आकडा लक्षात ठेवा. मे १९७३मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. एवढी माणसं रोज उन्हात उभी होती, आणि त्यातली बरीचशी रस्त्यावर टाकायची खडी फोडत होती. दुष्काळ पाण्याचा, काम दगडाचं! ही विसंगती त्या काळी अनेकांना दिसत होती.

ती दुष्काळाच्या आधीपासून ज्यांना दिसत होती, असे एक गृहस्थ सांगली जिल्ह्यातलेच होते. विठ्ठल सखाराम पागे, म्हणजे वि. स. पागे. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीला तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात एक प्रयोग करून पाहिला. ज्याला काम हवं त्याला काम द्यायचं, आणि ते काम गावाच्या शेतीचं, मातीचं, पाण्याचं असलं पाहिजे. दुष्काळ पडल्यावर धावत जाऊन नव्हे, तर एरवीही. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२मध्ये रोजगार हमी योजना सुरू झाली, तिची मूळ कल्पना ही.

आता कल्पना कितीही चांगली असली तरी पैसे कुठून आणायचे? इतिहासाच्या पुस्तकांत पागेंचं नाव येतं, योजनेचं येतं, पण पैशाचा भाग एका ओळीत उरकला जातो. मला तर तोच सगळ्यात नवलाचा वाटतो. सरकारनं ठरवलं की यासाठी वेगळे कर लावायचे. नोकरी-धंदा करणाऱ्यांवर व्यवसाय कर, मोटार वाहनांवर जादा कर, विक्रीकरावर अधिभार, शहरातल्या बिगर-निवासी इमारतींवर कर, आणि बागायती जमिनीवर खास आकारणी. यातून जेवढा पैसा गोळा होईल तेवढीच भर राज्यानं आपल्या तिजोरीतून घालायची. सगळं मिळून रोजगार हमी निधी. म्हणजे फोर्टातला कारकून, दादरचा दुकानदार आणि कॅनॉलवर ऊस पिकवणारा बागायतदार, तिघांनी मिळून खानापूर-आटपाडीच्या माळावरच्या बांधाचे पैसे द्यायचे.

मुंबईकरांनी याला फारसा विरोध का केला नाही? भूतदया हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. ७२-७३ला गावं ओस पडताना आणि फुटपाथ भरताना शहरानं पाहिलं होतं. माणूस गावात थांबला तर तो आपल्या दाराशी येत नाही, हा हिशेब शहराला कळतो. बागायतदारालाही आपल्या गावात मजूर टिकलेले हवेच होते.

पुढे १९७७मध्ये विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. त्यात ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाला अंगमेहनतीचं काम मागण्याचा हक्क मिळाला. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. भत्ता सुरुवातीला दिवसाला एक रुपया, आणि तोही फार थोड्यांच्या हातात पडला. पण त्या हक्कामुळे एक गोष्ट झाली. तहसील कचेरीसमोर बायका टोपली-खोरं घेऊन बसल्या की साहेबाला पैसे नाहीत असं म्हणता येत नव्हतं. पैसे होते, वेगळे काढून ठेवलेले होते आणि मागणाऱ्याच्या हातात कायदा होता. १९७९-८०च्या सुमारास योजनेवर वर्षाला २० कोटींच्या घरात मनुष्यदिवसांचं काम झालं.

त्यातून काय उभं राहिलं? पाझर तलाव, नालाबांध, समपातळी बांध, गावतळी, वनीकरण. १९९०नंतर त्याला फळबागांची जोड मिळाली, आणि डाळिंब-बोरांनी अनेक माळ हिरवे झाले. त्या काळी सरकारी कागदात 'हवामान बदल' हा शब्द नव्हता. आज ज्याला मोठमोठ्या परिषदांत दुसरी नावं आहेत ते काम आपल्याकडे नऊवारी नेसलेल्या बायकांनी डोक्यावर पाट्या वाहून केलेलं आहे, आणि त्याचे पैसे पगारातून कापून गेलेले आहेत.

आबांची आई गावच्या पाझर तलावावर तीन उन्हाळे कामाला होती. मी विचारलं, त्या तलावाचा तुम्हाला काय उपयोग झाला? आबा हसले. "तलावाच्या खालच्या अंगाला ज्यांची हीर, त्येंची हीर भरली. आमची दोन एकर वरच्या अंगाला."

इथे थोडं थांबू या. या योजनेचं कौतुक करणारे हे सांगायचं टाळतात. माती वाहिली भूमिहीनांनी आणि वरच्या अंगाच्या कोरडवाहूंनी. पाणी मुरलं खालच्या अंगाला. पाण्यात वाटा कुणाचा, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. काम मागायचा हक्क होता, कामाच्या फळावर हक्क नव्हता. शिवाय अनेक तलाव अर्धे राहिले, काहींत दोन पावसाळ्यांत गाळ बसला आणि काही तर फक्त मोजमाप वहीतच भरले.

हा प्रश्न नेमका खानापूर तालुक्यातच उभा राहिला, आणि तोही रोजगार हमीच्या मजुरांनीच उभा केला. ऐंशीच्या दशकात पुन्हा टंचाई आली, पुन्हा खडी आली. मुक्ती संघर्ष चळवळीत संघटित झालेल्या मजुरांनी विचारायला सुरुवात केली की दहा-पंधरा वर्षं आम्ही दुष्काळी काम करतोय, मग दुष्काळ हटत का नाही? भारत पाटणकर या चळवळीतले. त्यांच्याबरोबर शहरातले विज्ञान चळवळीचे कार्यकर्ते आले, के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते आले, येरळेच्या खोऱ्याचा अभ्यास झाला. आणि एक साधी गोष्ट पुढे आली. येरळेचं पात्र कोरडं पडलंय, पण त्यातली वाळू ट्रकनं बाहेर चाललीय. ठेकेदार लिलाव घेतो, महसूल सरकारकडे जातो आणि नदीकाठच्या विहिरी खोल जातात.

बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मागणी केली की वाळू आमच्या नदीची आहे. ती थोड्या प्रमाणात, अभ्यास करून आम्ही विकू आणि त्या पैशातून आमचं धरण आम्ही बांधू. भांडण बरंच झालं, परवानगी मिळवायला वेळ गेला, पण धरण झालं. बळीराजा स्मृती धरण. वाळूचे पैसे, लोकांचं श्रमदान, बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांचे हात, मित्रमंडळींची मदत. आणि नियम असा की पाण्यात प्रत्येक कुटुंबाचा वाटा, ज्याला जमीन नाही त्याचाही. आबांच्या "वरच्या अंगाला" मिळालेलं हे पहिलं उत्तर. धरण लहान आहे, त्यानं तालुक्याचा दुष्काळ हटला असं कुणी म्हणत नाही. पण पाण्याचे पैसे कुठून आले हे ज्याला ठाऊक असतं त्याला पाणी कुणाचं हेही विचारता येतं.

मोठं पाणी नंतर आलं, तेही उसनवारीवर. कृष्णा पाणी तंटा लवादाच्या निवाड्यात मे २०००ची मुदत होती, त्याआधी आपल्या वाट्याचं पाणी अडवायची राज्याला घाई होती. १९९६मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं आणि रोखे विकून बाजारातून पैसा उभा केला गेला. कराडजवळच्या टेंभूहून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून खानापूर-आटपाडीकडे न्यायची योजना त्याच वर्षांतली. ते पाणी शिवारात पोचायला कित्येक वर्षं लागली. त्या गोष्टीला वेगळा भाग लागेल, आज नको.

रोजगार हमी निधीचं मग काय झालं? १९८८मध्ये योजनेची मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीनं वाढवावी लागली. एका अर्थी न्याय झाला. पण त्यानंतर कामांची संख्या आटत गेली, मागितलं तरी काम निघेना. तालुक्याच्या कचेरीत मागणी घ्यायलाच टाळाटाळ होऊ लागली. कर मात्र नियमानं गोळा होत राहिला. खर्च कमी, जमा जास्त. २००५मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा आला आणि अंगमेहनतीच्या मजुरीचा भार दिल्लीनं उचलला. थोरल्याच्या पगारातले दोनशे रुपये तरीही थांबले नाहीत. दुष्काळासाठी लावलेला कर आता फक्त कर आहे.

हे ऐकून आबा म्हणाले, "मजी दिल्लीत ऱ्हाऊन आमी वाचलो म्हणायचं."

वाचलात कसले. दिल्लीचीही याला समांतर गोष्ट आहे, आणि ती अलीकडची आहे.

शीला दीक्षितांच्या सरकारनं २००७-०८च्या सुमारास डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे २५ पैसे आकारायला सुरुवात केली. त्याचा वेगळा निधी केला, एअर ॲम्बियन्स फंड, म्हणजे हवेसाठीचा पैसा. प्रदूषण नियंत्रण समितीकडे तो ठेवला आणि त्यातून बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांना अनुदानं दिली. करोल बाग मेट्रो स्टेशनखाली ज्या ई-रिक्षांच्या गर्दीतून तुम्हाला वाट काढावी लागते, तशा रिक्षांना या पैशातून अनुदान मिळालेलं आहे. चांगलं की वाईट, ते ज्यानं त्यानं ठरवावं. पैसा निदान रस्त्यावर दिसला.

दुसरा पैसा याहून मोठा. ऑक्टोबर २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एम. सी. मेहता खटल्यात आदेश दिला की दिल्लीत शिरणाऱ्या ट्रकांकडून पर्यावरण भरपाई शुल्क घ्यायचं. १ नोव्हेंबरपासून हलक्या ट्रकला ७०० आणि मोठ्याला १३०० रुपये. त्याच डिसेंबरमध्ये ते दुप्पट झालं, १४०० आणि २६००. सीमेवर टोल घेणारे महापालिकेचे, पैसा जाणार दिल्ली सरकारच्या परिवहन खात्याकडे आणि खर्चावर लक्ष न्यायालयाचं. तीन घरचा पाहुणा! शेकडो कोटी जमा झाले आणि पहिल्या काही वर्षांत त्यातला बहुतेक पैसा खात्यात पडून राहिला. पुढे न्यायालयानंच त्यातला काही भाग मेरठच्या जलद रेल्वेतल्या दिल्लीच्या वाट्यासाठी वळवला. रेल्वेनं गाड्या कमी होतील, तेव्हा हवेचं काम झालं, असं त्यामागचं गणित. ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्या गल्लीतल्या मुलाला दिवाळीनंतर खोकला सुटतो, त्याच्या आईला हा पैसा मागायला जाण्याची जागाच नाही. तहसील कचेरीसमोर टोपली घेऊन बसता येत होतं. इथे बसायचं कुठे? कोणत्या नमुन्यावर अर्ज करायचा?

मला वाटतं दोन्ही निधींमधला खरा फरक हा आहे. महाराष्ट्रातला पैसा चालला तो मागणारा होता तोवर. मागणी घेणं बंद झालं तसा तिथलाही पैसा साठत गेला.

करोल बागेला तर हे दोन्ही बाजूंनी लागतं. पश्चिमेला रिजचं जंगल आहे. १९९४मध्ये ७,७७७ हेक्टर रिज राखीव जंगल म्हणून अधिसूचित झालं, आणि त्याच वर्षीच्या कायद्यानं एक झाड तोडलं तर दहा लावायची किंवा त्याचे पैसे भरायचे असं ठरलं. दहातली जगली किती, हे रिजच्या कडेनं फिरायला जाणाऱ्यांना विचारा. आणि पूर्वेला, या गल्ल्यांत, आमच्या गलाईवाल्यांच्या भट्ट्या.

आता त्या वासाकडे येतो. सोनं शुद्ध करताना नायट्रिक ॲसिडातून तपकिरी धूर निघतो. तो सगळ्यात आधी भट्टीशी बसलेल्याच्या छातीत जातो, मग शेजारच्या खिडकीत. २०००मध्ये न्यायालयाच्या आदेशानं वस्तीतले प्रदूषण करणारे कारखाने बंद व्हायला लागले, कामगार आणि मालक रस्त्यावर उतरले, बवानासारख्या वसाहतींत भूखंड मिळाले. पण आठ बाय दहाच्या खोलीत भट्टी मांडणारा माणूस सराफाच्या दारातून उठून तीस किलोमीटरवर गेला तर त्याच्याकडे सोनं घेऊन येणार कोण? आबा बसून राहिले. धूर ओढणारा पंखा आणि गच्चीवर नेलेलं नळकांडं त्यांनी स्वतःच्या पैशानं बसवलंय. खालच्या मजल्यावरच्या शिलाईवालीशी त्यावरून त्यांचं दोनदा भांडण झालंय, आणि भांडणात तिची बाजू बरोबर होती हे ते स्वतःच सांगतात. अशा खोल्यांत धूर धुऊन सोडणारं यंत्र बसवायला हवेच्या निधीतून मदत मिळाली असती तर? हा मी इतिहास सांगत नाही, नुसता विचारतोय.

चहा संपल्यावर आबांनी थोरल्याला फोन लावला. स्पीकरवर. म्हणाले, "आरं, ते दोनशे तुझ्या आजीच्या तलावाचं हायत."

तिकडून थोडा वेळ काही आवाज नाही. मग पोरगा म्हणाला, "तलावात तर नुसता गाळ हाय आबा. गाळ काढायला सरकार मशिनचं डिझेल देतंय, पर शेतापतुर न्यायचं भाडं आपलं. गावात वर्गणी चाललीया. तुमी किती धाडताय?"

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही ती योजना, २०१७पासूनची. ती निघाली तेव्हा ठरलं होतं की मशिनच्या इंधनाचा खर्च सरकारचा, गाळ वाहून नेणं शेतकऱ्याचं. आबांनी भिंतीवरची वही काढली. या गल्लीतल्या त्यांच्या गावच्या अकरा दुकानांची नावं तिच्यात आधीच लिहिलेली होती, समोर आकडे. आठ जणांचे आले होते, तिघांचे यायचे होते. आबांनी मला बसायला सांगितलं आणि वही घेऊन खाली उतरले.

ते परत येईपर्यंत हा भाग इथे थांबवू. पुढच्या भागात टेंभूचं पाणी आणि कृष्णा खोऱ्याचे रोखे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी १९७२चं रोजंदारीचं कार्ड किंवा हजेरीपत्रक जपून ठेवलेलं असेल तर जरूर कळवा.